ट्रामवाल्या साहेबांस, बसच्या रांगेतून

मा. वाहतूक नियोजनतज्ज्ञ साहेब,


परवाचं आपलं व्याख्यान ऐकून भारावून गेलो. पडद्यावर झ्युरिकची ट्राम, शेजारी संगणकाने काढलेली तशीच आपल्या मुंबईची. कोणीतरी बसचा विषय काढला, तर आपण म्हणालात, ‘बसला ग्लॅमर नाही हो!’ सभागृह खदखदून हसलं. मी बाहेर येऊन त्या बिनग्लॅमरच्या वस्तूची वाट बघत उभा राहिलो.

स्टॉपला खेटून तीन मोटारी उभ्या होत्या, म्हणून बस थांबली ती भर रस्त्यात. एक आजी गुडघ्यावर हात दाबत दोन मोटारींच्या फटीतून निघाल्या. फुटपाथवरून सोपी वाटणारी पायरी डांबरावरून त्यांना केवढी उंच पडली! मागे हॉर्नचा कल्ला. कंडक्टरने हात देऊन त्यांना वर ओढून घेतलं. तेवढ्यात त्या तीनपैकी एका मोटारीचं दार उघडलं आणि आपण आत बसलात.

साहेब, ट्रामचं चरित्र आपण अर्धंच सांगितलंत. १८७४ साली ती घोड्यांवर सुरू झाली, १९०७ साली विजेवर आली, ३१ मार्च १९६४ला शेवटची धावली, सगळं गहिवरून सांगितलंत. गेली कशाने, ते राहिलं. रस्त्यावर मोटारी वाढल्या, ट्राम त्यांच्यात अडकली आणि वाहतूक तुंबवल्याचा ठपका तिच्याच माथी बसला. कोलकात्यात तर ट्रामसाठी राखलेल्या पट्ट्यांवर काँक्रीट ओतून मोटारी आत घेतल्या, आणि वर ‘ट्राम फार संथ’ म्हणायला आपण मोकळे! मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी २०१७ साली तिचे रूळ सापडले, तर केवढं कौतुक! मेल्या म्हशीला मणभर दूध. जित्या बसचं किमान भाडं २०२५ साली पाचाचं दहा झालं, त्यावर आपल्याकडे एक स्लाइड नव्हती.

आपल्या चित्रातली ट्राम सुसाट जाते ती रुळांच्या जोरावर नव्हे. तिच्या वाटेत कोणाची मोटार घुसू देत नाहीत, म्हणून जाते. ती वाट बसला द्या ना! बोगोटाने २००० साली दिली. पुण्याने २००६ साली द्यायला घेतली, मोटारवाले कुरकुरले आणि काही ठिकाणी पट्टे पुन्हा उखडले गेले. चाळीस माणसं घेऊन जाणारी बस एकट्या माणसाच्या मोटारीमागे ताटकळते, आणि आपण चर्चा कशाची करता, तर डब्याच्या रंगाची! लाज कशी वाटत नाही?

माफ करा, आवाज चढला. खरं तर आपली अडचण कळते मला. बससाठी नुसता पट्टा मागितलात, तर फाइल दुसऱ्या दिवशी टेबलावर परत येईल. कोट्यवधींचे रूळ मागितले, तर भूमिपूजनाला रांग लागेल. म्हणून बिचारे आपण तो पट्टा रुळांखाली दडवून आणू पाहता. मोटारवाल्याच्या तोंडावर ‘बाजूला हो’ म्हणायची सोय या शहरात कुठल्याच अधिकाऱ्याला नाही. आपण तरी एकटे काय करणार?

पण साहेब, रुळांच्या भरवशावर पट्टा टिकत नाही, हे कोलकात्याने दाखवलंय. रूळ असूनही गेला. तेव्हा एकदा उघड मागा. एकच रस्ता घ्या, एक पट्टा रंगवा, त्यात शिरणाऱ्या पहिल्या मोटारीची पावती फाडा. भले ती आपलीच असो. तेवढं जमलं तर ट्रामसाठी वर्गणी काढायला मी स्वतः दारोदार फिरेन.

आपला,
भर रस्त्यात बस पकडणारा एक मुंबईकर