बियाण्याचं वांगं

१९०६ साली इंग्रजांनी खान्देशाची पूर्व-पश्चिम फोड केली. जळगाव इकडे गेलं, धुळं तिकडे. भरितावरचा हक्क मात्र सामाईकच राहिला. म्हणून तर धुळ्याचा भाचा इंग्लंडहून आला तो ऐन डिसेंबरात आणि आधी मामाकडे, जळगावला. दारातच माझं पोट, पांढरे खुंट, लोंबती नाडी न्याहाळत म्हणाला, "मामा, यू हॅव गॉन टू सीड!"

मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, पण हे काही आमच्या गाइडात नव्हतं.

"काय म्हणतो भाचा?" बायकोने आतून विचारलं.

"बियांवर गेलो म्हणतो."

तिने माझ्याकडे बाजारातल्या नजरेने पाहिलं. भरिताचं वांगं ती तळहातावर तोलून घेते. दिसायला मोठं, वजनाला हलकं असेल तरच पिशवीत. जड म्हणजे आत नुसत्या बिया.

"बरोबर आहे त्याचं," ती म्हणाली.

भाच्याने फोड करून सांगितलं. कोथिंबीर वेळेत उपटली नाही की फुलावर येते, बी धरते, पाला राठ होतो. माणसाचंही तसंच. उमेद ओसरली, राहणी सुटली की झाला तो 'गॉन टू सीड'. वाद घालावा तर आमच्या जिल्ह्याचीच साक्ष माझ्या विरुद्ध. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते केळीला आणि भरिताच्या वांग्याला. एकीत बीच नाही, दुसऱ्यात जितकं कमी तितकं बरं!

संध्याकाळी बामणोदजवळच्या शेतात पऱ्हाट्यांचा जाळ केला. हिरवी वांगी सालीला तडे देत भाजत होती. बायको कळण्याच्या पुऱ्या लाटत होती. आणखी एखादं आणावं म्हणून भाचा वाफ्यात शिरला. एका झाडाच्या देठाला चिंधी बांधलेली, खाली पिवळं पडलेलं थोराड वांगं. त्याने हात घातला, तोच म्हातारा वाटेकरी ओरडला, "त्याले हात नको लावू रे भाऊ! बियान्याचं हाये ते. सर्व्यात चांगलं वांगं खायाचं नस्ते, राखाचं असते."

मी भाच्याकडे पाहिलं. पोट होतं त्याहून थोडं पुढे काढलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत इंग्रजी भाषेवर असा विजय मिळाला नव्हता.

बायकोने पुरी तेलात सोडली आणि मान वर न करता विचारलं, "तुम्हालाही बांधू का चिंधी?"