अर्थ नसलेली पायरी

राज्याने 2021 साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि आमच्या मेहुण्यांच्या डोक्यात चाकांवरचं घर शिरलं. गेल्या रविवारी ते घर चिंचणीच्या किनाऱ्यावर आलं. दार उघडलं की विजेची पायरी आपसूक बाहेर येते, हे त्यांनी तीनदा ऐकवलं. चौथ्यांदा सांगायच्या आत पायरीने असहकार पुकारला. शेजारी तारापूर, 1969पासून देशाला अणूची वीज देणारं. आणि आमचे बारा व्होल्ट दारापर्यंत पोचेनात!

फ्यूज पाहिला, शाबूत. दारातल्या चुंबकी स्विचला थापट्या मारल्या, व्यर्थ. तोवर सासूबाई शहाळेवाल्याच्या उलट्या क्रेटवरून दोनदा चढून-उतरून आल्या.

शेवटी बोईसरहून इलेक्ट्रिशियन आला, उताणा होऊन गाडीखाली सरपटला. चासीला जोडलेल्या वायरीचं टोक खाऱ्या हवेने हिरवं पडलं होतं. पॉलिश पेपरने ते घासता घासता तो म्हणाला, "काका, याला अर्थच नाही."

सासूबाई क्रेटवरूनच म्हणाल्या, "गाडी घेतली तेव्हापासून मी तेच सांगतेय."