नोहाचं तारू कोणी जाळलं?

“मावशी, नोहाच्या तारवाला आग लावली होती म्हणे. एका बाईनं.”

“कोन नोहा? गडचांदूरचा?” कुंपणावरच्या वालाच्या शेंगा तोडता तोडता मावशी थांबली.

“बायबलातला हो. महापुरात जनावरांच्या जोड्या घेऊन बसला, तो.”

“मंग पुरात आग कायची?”

“पुराच्या आधी. नोरेया, हव्वेची लेक. मलाही आत घे म्हणाली, यानं घेतलं नाही. तिनं नुसती फुंकर मारली अन् तारू खाक! बिचाऱ्यानं पुन्हा बांधलं.”

“बेस केलं. बायबलात हाय हे?”

“छे! नॉस्टिक म्हणून पंथ होता, त्यांच्या पोथीत. 1945 साली इजिप्तात नाग हम्मादीजवळ शेतकरी खताची माती खणत होते, तर रांजणात पोथ्या निघाल्या. एकानं घरी नेल्या, तर त्याच्या आईनं काही पानं चुलीत घातली, असं सांगतात.”

“घालनच ना. जळतन काय फुकट भेटते?”

“त्यांचं म्हणणं, हे जग घडवणारा देव खरा नव्हेच. गर्विष्ठ कारभारी नुसता. मग त्याचं ऐकणारे वाडवडील तरी कसले मोठे? एका पोथीत आदम, अब्राहाम, इसहाक, याकोब, मोशे, एकेकाचं नाव घेऊन हसं केलंय. त्यांच्यातले काही स्वतःला शेथचे वंशज म्हणवायचे. शेथ म्हणजे आदमचा तिसरा मुलगा. तो कारभारी अन् त्याच्या हाताखालचे कारभारी, यांनी आदमला देहाच्या गुहेत कोंडलं, असंही लिहिलंय.”

“आमची गुहा तं खरीखुरी हाय. कचारगडले. महादेवानं आमच्या गोंडाइले कोंडलं, लिंगोनं सोडवलं. परधान किंगरीवर गाते ना. माघी पुनवेले जत्रा भरते.”

“तेच गाणं हिस्लॉप नावाच्या नागपूरच्या पाद्र्यानं उतरवून घेतलं होतं. तो वारल्यावर 1866 साली छापलं.”

“पाद्र्यानं? अन् त्याले आपल्या तारवाची आग ठाव नसन!”

“कशी असणार? पोथ्या तर तेव्हा मातीतच होत्या.”

मावशीनं ओट्यातल्या शेंगा माझ्या टोपल्यात ओतल्या. नको म्हणायची सोय नव्हती.

“त्या पोरीचं काय झालं मंग?”

“ते कारभारी तिच्यावर चालून आले. तिनं खऱ्या देवाला हाक मारली, तर एलेलेथ नावाचा देवदूत धावत आला. तू वरची आहेस, यांची सत्ता तुझ्यावर चालायची नाही, म्हणाला.”

“अन् नोहा?”

“त्याचं पुढं काहीच नाही.”

“कायले राहीन! दोनदा सुतारकाम करून थकला असन.”