१८० जीएसएमचा माणूस

विज्या तुमच्याही ओळखीचा आहे. नाव वेगळं असेल. पण बँकेतून व्हीआरएस घेतलेला, ‘आता स्वतःचं काहीतरी’ म्हणणारा आणि ते काहीतरी बायकोच्या स्वयंपाकघरातल्या सॉकेटवर चालवणारा एक तरी विज्या प्रत्येक सोसायटीत असतोच. आमचा विज्या घरी टी-शर्ट छापतो.

भेटला की तो हात पुढे करतो, पण शेकहँडसाठी नव्हे. तुमच्या बाहीचं टोक चिमटीत धरतो, अंगठ्याने चोळतो आणि डोळे किलकिले करून निकाल देतो, “१४०. दोन धुण्यांत चिंधी होईल.” हा जीएसएम. चौरस मीटरभर कापडाचं वजन किती ग्रॅम, त्याचा आकडा. १८०च्या खालच्या टी-शर्टातल्या माणसाशी विज्या बोलतो, पण मन लावून नाही. माझ्या पुतणीच्या लग्नात त्याने व्याह्यांनी दिलेला आहेराचा टॉवेल चोळला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, “चारशे.” व्याही दुखावले. “नाही हो, साडेपाचशेचा आहे.” विज्याने पुन्हा चोळून पाहिला. “साडेपाचशे शक्यच नाही. फसवलंय तुम्हाला.” पुढचं सांगत नाही, पुतणीला अजून सासरी ऐकावं लागतं.

सुरुवात घरच्या इस्त्रीने झाली. ट्रान्सफर पेपरवर चित्र छापायचं, कागद टी-शर्टवर पालथा घालायचा, वरून इस्त्री दाबायची. पालथा घालायचा म्हणजे चित्र आधी उलटं छापायला हवं, हे त्याच्या लक्षात येईपर्यंत गल्लीतल्या मंडळाच्या पोरांच्या छातीवरचा ‘मोरया’ उजवीकडून डावीकडे निघाला होता. “मग? अ‍ॅम्ब्युलन्सवर नाही का उलटं लिहीत? पुढच्याने आरशात वाचायचं!” वर पोरांच्या बाह्या चोळून म्हणतो, “पण कापड बघा. १८०!”

मग हीट प्रेस आली, पंधरा इंच बाय पंधरा इंचाची. ती तापत असताना गिझर लावला की एमसीबी पडतो. त्यामुळे त्या घरात आंघोळी ऑर्डरप्रमाणे होतात. वहिनी सोशिक आहेत.

प्रेसबरोबर सब्लिमेशन आलं. त्यात शाई १८० ते २०० अंशांच्या आसपास वाफ होऊन पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरते आणि तिथेच मुरते. सुती धागा तिला थारा देत नाही. हे यूट्यूबवर ज्या मिनिटाला सांगितलं होतं, तेव्हा विज्या बहुधा निवेदकाच्या टी-शर्टाचा जीएसएम ओळखत बसला असावा. ट्रेकच्या ग्रुपसाठी त्याने अस्सल सुती कापडावर राजगड छापला. पहिल्या धुण्यात बालेकिल्ला गेला, दुसऱ्यात सुवेळा माची, तिसऱ्या धुण्याला गड पडला.

“पॉलिएस्टर घे ना मग,” मी म्हटलं.

“आणि माणसं काय घामात उकडू? गड चढायचाय त्यांना.”

त्याने सगळे टी-शर्ट स्वतःच्या खर्चाने पुन्हा करून दिले. कुणी मागितले नव्हते. आता तो डीटीएफ करतो, म्हणजे डायरेक्ट टू फिल्म; ते सुतीवरही टिकतं. फिल्म बाहेरून मीटरवर छापून आणतो आणि घरी दाबतो. फिल्म गार होईपर्यंत थांबायचं, मग कोपऱ्यातून नखाने उचलून अलगद सोलायची. तेव्हा घरात कुणी बोलायचं नाही. सोलून होताच तो कान्यावर, मात्रेवर बोट फिरवतो. अनुस्वाराचं टिंब फिल्मबरोबर निघून आलं, तर टी-शर्ट बाजूला. असे बाजूला पडलेले टी-शर्ट आमच्या सोसायटीचा वॉचमन, इस्त्रीवाला आणि (सांगायला नको होतं) मी घालतो. माझा चार पावसाळ्यांचा आहे. गळा अजून सैल पडलेला नाही, हे मी विज्याला सांगितलेलं नाही. सांगितलं तर चोळायला येईल.

पालिकेच्या निवडणुकीत एक इच्छुक पाचशे टी-शर्टांची ऑर्डर घेऊन आले. कडक खादीचा सदरा होता. विज्याने रीतसर बाही धरली. “सव्वादोनशे. वा! कार्यकर्त्यांना काय देऊ?”

“१२०चं पॉलिएस्टर चालेल. मतदानापर्यंत टिकलं की झालं.”

“तुम्हाला सव्वादोनशे आणि उन्हात फिरणाऱ्यांना १२०?” विज्याने बाही सोडली आणि ऑर्डरही सोडली. पाचशेची! वहिनी आठवडाभर त्याच्याशी बोलल्या नाहीत, आणि मी वहिनींच्या बाजूने होतो. तरी त्या रात्री त्याच्याकडे चहा प्यायला गेलोच.

इच्छुक निवडून आले. त्यांचे टी-शर्ट दुसऱ्या कुणीतरी छापले, ते आता आमच्या पार्किंगमध्ये गाड्या पुसायला आहेत. चिंध्या झाल्या, पण साहेबांचा हसरा चेहरा जसाच्या तसा. विज्या रोज येता-जाता तो बघतो आणि नाइलाजाने म्हणतो, “पॉलिएस्टरवरचं सब्लिमेशन आहे. जाणार नाही.”