अडीचशे शब्दांचा रसिक

पुण्याच्या सदाशिव पेठेत, पेरू गेटाच्या आसपासच्या चहाच्या टपरीवर सकाळी सातला एकमेकांना 'सर' म्हणणारी पोरं भेटतात. त्यांतलं कुणीही शिक्षक नसतं. कुणी लातूरचा कृषी पदवीधर, कुणी सांगलीचा इंजिनिअर, कुणी बीडचा डी.एड. होऊन भरतीची वाट बघून थकलेला. 'सर, आयोगाचं पत्रक बघितलं का?' 'नाही सर, काल रात्रभर मी आठव्या शतकात होतो.' हे दुसरं वाक्य ज्याचं, तो आपला माणूस. वय सत्तावीस, पायात स्लिपर, पाठीवर सॅक, सॅकच्या जाळीत पाण्याची बाटली. रात्री राष्ट्रकूटांबरोबर वेरूळचं कैलास लेणं खोदून तो नुकताच बाहेर आलाय. कटिंग संपली की लाल समुद्रात उतरायचंय, कारण सकाळी 'करंट' आणि रात्री 'स्टॅटिक' हे त्याचं वेळापत्रक आहे.

संगीत, चित्रकला, संस्कृती आणि जगाचं राजकारण या विषयांवर मत नसलेला माणूस पुण्यात तसाही दुर्मीळच. पण इतरांना ती मतं हौसेनं असतात. याला ती अभ्यासक्रमात आहेत म्हणून आहेत.

पूर्वी अशी सक्ती नव्हती. २०१२ पासून लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाचे पेपर पर्यायी उत्तरांचे होते. भीमसेन जोशी कुठल्या घराण्याचे, हे माहीत असलं की पुरे. ते कसे गायचे याच्याशी आयोगाला कर्तव्य नव्हतं. मग आयोगानं ठरवलं की आता उत्तरं लिहायची. २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात पोरं रस्त्यावर बसली. नवी पद्धत आणायची तर २०२५ पासून आणा, एवढीच मागणी. आयोगानं ती मानली. स्वतःचं मत बनवण्यासाठी सरकारकडून रीतसर मुदतवाढ मिळालेली ही जगातली बहुधा पहिली पिढी असावी.

ती मुदत आता संपली. लेखी परीक्षा १७५० गुणांची, त्यांतले २५० एकट्या निबंधाचे. वर मुलाखतीचे २७५. तेव्हा आपल्या सरांनी मत तयार करण्याचा कारखानाच काढला. दहा गुणांना दीडशे शब्द, पंधरा गुणांना अडीचशे. प्रस्तावना, पार्श्वभूमी, जमेच्या बाजू, मर्यादा आणि शेवटी 'पुढील दिशा'. पुढील दिशा नेहमी सर्वसमावेशक आणि शाश्वत असते. आयुष्यात कुठलाही प्रश्न आला तरी त्याला सर याच वाटेनं नेतात. मेसच्या वांग्याच्या भाजीबद्दल विचारलं तरी 'एकीकडे तेल मुबलक असले तरी दुसरीकडे…' अशी सुरुवात होते. रूममेटचं लग्न मोडलं तेव्हाही सरांनी मुलीच्या वडिलांची बाजू आधी मांडली आणि मग 'तथापि' म्हणाले. रूममेटनं उशी फेकून मारली.

संगीताच्या वहीत घराण्यांचा तक्ता आहे. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर, किराणा, पतियाळा. पुढे भातखंड्यांचे दहा थाट, तेही पाठ: बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. भीमसेन जोशींची नोंद अशी: जन्म १९२२, गदग, गुरू सवाई गंधर्व, किराणा, भारतरत्न २००८. गुरूच्या स्मरणार्थ त्यांनी १९५३ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या महोत्सवाची ओळ लाल शाईनं अधोरेखित केलेली. हा महोत्सव अनेक वर्षं रमणबागेत व्हायचा, म्हणजे सरांच्या खोलीपासून चालत दहा मिनिटांवर. आता तो मुकुंदनगरला भरतो. तिथंही सर एकदा जाऊन आले. मित्राकडे जादाचा पास होता. गायक विलंबित ख्यालात हळूहळू बढत करत होते. शेजारचे आजोबा डोळे मिटून मान हलवत होते. सरांनी अर्ध्या तासानं मित्राच्या कानात विचारलं, 'सर, हे थाटात कुठं बसतं?' आजोबांनी डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. द्रुत सुरू झाल्यावर मात्र सरांचा गुडघा आपोआप ताल धरू लागला. ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही. आली असती तर वहीत 'श्रोत्यांचा सहभाग' असं एक उपशीर्षक वाढलं असतं.

चित्रकलेत त्यांचा मान अजिंठ्याला. मित्रांबरोबर गेले तेव्हा गाइडची पंचाईत झाली. त्यानं लेणी सापडलेल्या जॉन स्मिथचं नाव घ्यायच्या आत सरांनी '१८१९' म्हटलं. त्यानं एक क्रमांकाच्या लेण्यातल्या पद्मपाणीवर हळुवार उजेड टाकला. बरोबरची मंडळी गप्प झाली. सर म्हणाले, 'हे खरं फ्रेस्को नाही. कोरड्या गिलाव्यावरचं काम आहे, टेम्परा.' एक क्रमांकाचं लेणं सर्वांत जुनं नसून नऊ आणि दहा क्रमांकाची चैत्यगृहं जुनी आहेत, क्रमांक वाटेच्या क्रमानं आहेत, हेही त्यांनी बाहेर येता येता सांगितलं. सगळं बरोबर होतं. शेवटी गाइडनंच विचारलं, 'साहेब, कुठल्या खात्यात आहात?' त्या एका प्रश्नानं सरांना पद्मपाणीपेक्षा जास्त आनंद झाला, असं मित्र सांगतात.

संस्कृती या विषयात तर वर्षभर धामधूम. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, अभ्यासिकेत पेढे आले. सरांनी पेढा हातात धरूनच विचारलं, 'बरोबरच्या चार भाषा कुठल्या?' पाली, प्राकृत, असमिया, बंगाली अशी चार नावं पुरी झाल्यावरच पेढा तोंडात गेला. ११ जुलै २०२५ ला मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्या आठवड्यात मावसभावानं प्रतापगडावरून सहकुटुंब फोटो पाठवला. घरच्या ग्रुपवर कुणी 'छान' लिहिलं, कुणी फुलं टाकली. सरांनी लिहिलं, 'बारांपैकी अकरा महाराष्ट्रात, बारावा तमिळनाडूतला जिंजी.' मावशीनं त्यावर हात जोडल्याचं चित्र टाकलं. ते कौतुक होतं की विनवणी, याचा उलगडा झाला नाही.

पण सरांचा सुवर्णकाळ म्हणजे जून २०२५. मिलानमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं पुरुषांच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. इकडं गहजब झाला, मग कंपनीनं भारतीय हस्तकलेपासून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. कोल्हापुरात कारागीर चिडले, टीव्हीवर वक्ते चिडले. सर मात्र हर्षभरित. एका चपलेत कला आली, भौगोलिक मानांकन आलं, बौद्धिक संपदा आली, आंतरराष्ट्रीय व्यापार आला, चर्मकारांची सामाजिक स्थिती आली! मानांकन २०१९ चं, आणि त्यात महाराष्ट्राचे चार जिल्हे तसे कर्नाटकचेही चार, म्हणून वर संघराज्यवादही आला. एवढा फायदा देणारी घटना क्वचितच घडते. त्या दिवशी त्यांनी तीन पेपरांच्या वह्यांमध्ये चपलेची नोंद केली. लिहिताना पायातल्या रबरी स्लिपरचा अंगठा तुटला होता, तो त्यांनी सेफ्टी पिन लावून बसवला.

जगाच्या घडामोडी ते अशाच चवीनं खातात. २०२१ च्या मार्चमध्ये चारशे मीटर लांबीचं 'एव्हर गिव्हन' जहाज सुएझ कालव्यात आडवं रुतलं आणि सहा दिवस जगाचा माल खोळंबला. त्या सहा दिवसांत सरांनी कालव्याचा नकाशा इतक्या वेळा काढला की जहाज निघालं तेव्हा त्यांना थोडं चुकल्यासारखं झालं. २०२३ च्या अखेरीपासून येमेनच्या हुथींनी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा तीच वही बाब-अल-मंदेबपर्यंत वाढवता आली. जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, त्याचा बाणही आहे.

मेसवाल्या मावशी नकाशा काढत नाहीत. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियानं युक्रेनवर हल्ला केला. भारतात येणारं सूर्यफुलाचं तेल तेव्हा मुख्यतः या दोनच देशांतून यायचं. सर 'नाटोचा पूर्वेकडील विस्तार : एक परामर्श' लिहीत बसले होते तोवर मावशींनी महिन्याचा दर वाढवला आणि शुक्रवारची भजी बंद केली. सरांनी समजावलं, 'मावशी, हे तात्पुरतं आहे, पुरवठ्याची साखळी आहे.' मावशी म्हणाल्या, 'साखळीचं मला सांगू नको. डबा काल काय भावानं आणला ते मला ठाऊक आहे. तू मागच्या महिन्याचे दे आधी.'

दिवाळीत सर गावी जातात. गाव तुळजापूरकडचं. पारावर त्यांना 'साहेब' म्हणतात, कारण एवढी वर्षं अभ्यास करणारा माणूस एक दिवस साहेब होणारच, असा गावाचा हिशेब. २०२४ च्या दिवाळीत पारावर विषय निघाला सोयाबीनचा. सप्टेंबरात केंद्रानं खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं होतं. सरांनी शेतकरी आणि ग्राहक अशा दोन्ही बाजू मांडल्या, समतोल साधला, मोहरी-पामतेलापर्यंत जाऊन आले. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग एक म्हातारा म्हणाला, 'ते खरं हाय साहेब. पण हमीभाव चार हजार आठशे ब्याण्णव, आन् बाजारात त्याच्या खालीच मागत्यात. तवा शुल्क वाढून कुणाचं भलं झालं, ते सांगा.' सरांनी प्रश्न टिपून घेतला. 'चांगला प्रश्न आहे,' ते म्हणाले. म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, 'म्हंजी यालाबी ठाव न्हाई.'

याच गावात सरांचे सख्खे चुलते गोंधळात संबळ वाजवतात. कमरेला बांधलेली दोन लहानमोठी वाद्यं, एक काडी सरळ, दुसरी टोकाला वाकवलेली. लग्न झालं की घरी भवानीचा गोंधळ. दिवटी पेटली की चुलते संबळावर काडी टाकायचे आणि पाच वर्षांचे सर मांडीवरून उठून नाचायचे. पुढं पेठेत आल्यावर लोककलेच्या नोट्समध्ये त्यांनी वाचलं : 'गोंधळ – विधिनाट्य, वाद्ये – संबळ, तुणतुणे, झांज.' ते त्यांनी पाठ केलं, घराण्यांच्या तक्त्यासारखंच. हे आणि चुलत्यांचं ते एकच, असं वाटायचं काही कारणच नव्हतं. नोट्समध्ये चुलत्यांचं नाव नव्हतं.

मग सराव-मुलाखत आली. निवृत्त अधिकाऱ्यांचं पॅनेल. अर्जात छंदाच्या रकान्यात सरांनी लिहिलं होतं, 'शास्त्रीय संगीत ऐकणे'. हा छंद पेठेत फार चालतो, कारण तो कुणी तपासत नाही, अशी समजूत आहे.

'सकाळचा एखादा राग सांगा.'

'भैरव, सर.'

'भैरव ऐकून तुम्हाला काय वाटतं?'

सरांनी पाण्याचा घोट घेतला. 'सर, या प्रश्नाला दोन बाजू आहेत…'

पॅनेलमधल्या एक बाई हसू दाबून म्हणाल्या, 'बरं, राहू द्या. गावाकडे काय ऐकता?' आणि सरांचा कारखाना अचानक बंद पडला. प्रस्तावना आली नाही, 'तथापि' आलं नाही. चुलत्यांचा अंगठा कसा वळतो, पाऊस असला की कातडं कसं उतरतं, आख्यान रंगात आलं की बायका कुठल्या ठिकाणी हमखास रडतात आणि त्याच ठिकाणी चुलते मुद्दाम हात सैल कसा सोडतात, हे ते सांगत सुटले. 'हे छंदात का लिहिलं नाही?' असं विचारल्यावर ते गोंधळले. 'सर, तो छंद नाही. ते घरचंच आहे.'

पॅनेलनं शेरा दिला : 'उमेदवार मोकळा बोलतो. विषयाला धरून बोलण्याचा सराव हवा.'

महिन्याभरानं टेस्ट सिरीजमध्ये प्रश्न आला : 'महाराष्ट्रातील लोककलांच्या बदलत्या स्वरूपाची चर्चा करा.' पंधरा गुण, अडीचशे शब्द. सरांनी चुलत्यांवर लिहिलं. रात्रभराचा गोंधळ आता दोन तासांत कसा उरकतात, सुपारी फोनवर कशी ठरते, कातड्याच्या जागी प्लॅस्टिक आल्यापासून पावसाची चिंता कशी मिटली आणि आवाज कसा गेला. पेपर तपासून आला. पंधरापैकी पाच. लाल पेनानं लिहिलं होतं : 'अनुभव चांगला. घटनात्मक तरतूद? युनेस्को? आकृती हवी.'

सरांनी उत्तर पुन्हा लिहिलं. कलम २९ घातलं, युनेस्को घातलं आणि समासात संबळाची आकृती काढली : दोन वाद्यं, कमरेचा पट्टा, एक काडी सरळ, एक वाकडी, चारही भागांना बाण. साडेपाच मिळाले. ते पान टपरीवरून फिरत झेरॉक्सच्या दुकानात गेलं, तिथून आणखी चौघांच्या वह्यांत. कुणीतरी आकृती हातानं उतरवून घेताना वाकडी काडी चुकून आली असेल असं समजून ती नीट केली. नव्या पेठेपासून शास्त्री रोडपर्यंतच्या नोट्समध्ये आता संबळ दोन सरळ काड्यांनी वाजतो.