सत्त्याण्णव टक्के पाणी

दिल्लीकराला 'हलकं काहीतरी' खायचं असलं की तो छोले-भटुऱ्यातला एक भटुरा कमी करतो आणि त्याच्या जागी लस्सी सांगतो. आरोग्य आणि मलई यांचं वैर या शहराला मान्यच नाही. सोया चापचं बघा. मांसाला शाकाहारी पर्याय, भरपूर प्रोटीन, असा तिचा लौकिक. पण राजौरी गार्डनपासून नोएडाच्या सेक्टर 18पर्यंत कुठेही बघा, ती तंदूरमधून निघते ती थेट लोणी-क्रीमच्या वाडग्यात उडी घेते. मलाई चाप खाणारा माणूस बोटं चाटत वर सांगतो, "प्रोटीन है जी."

आमच्या नोएडातल्या घरी पास्त्याला पर्याय म्हणून कमी कॅलरीच्या नूडल्स आल्या त्या अशा मुलखात. त्यांची बाजू घेऊन एवढं आधीच सांगून ठेवतो.

निमित्त माझ्या रक्ततपासणीचं. ट्रायग्लिसराइड्सचा आकडा बघून डॉक्टरांनी विचारलं, "बाहेरचं खाता का?" लग्नसराईत इथे घरचं खाणारा माणूस दाखवा मला. छतरपूरच्या फार्महाऊसवर लग्न म्हटलं की पास्त्याचा लाइव्ह काउंटर असायचाच. उंच टोपीतला शेफ विचारतो, "रेड, व्हाइट या पिंक?" पिंक सॉस म्हणजे तांबड्या आणि पांढऱ्या रश्शाचं, कोल्हापूरकरांनी प्राण गेला तरी केलं नसतं असं मिश्रण. मी दर वेळी तेच घेतो.

तर बायकोने मोबाइलवरून शिराताकी नूडल्स मागवल्या. कोरड्या पास्त्यात 100 ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास कॅलरी, शिजून फुगल्यावरही तेवढ्याच वजनाला दीडशे. इथे जेमतेम 10! मग पाकिटात आहे तरी काय? सुमारे 97 टक्के पाणी आणि उरलेला बहुतेक ग्लुकोमॅनन नावाचा, माणसाच्या आतड्याला न पचणारा तंतू. म्हणजे दीडशेच्या वर रुपये मोजून आम्ही वाटीभर पाणी घेतलं होतं. मे महिन्यात सोसायटीत टँकर आला की भावावरून हमरीतुमरीवर येणारी माणसं आम्ही. पण तेच पाणी शेवयांच्या आकारात आलं, तर चकार शब्द नाही.

पाकीट फोडलं आणि आई लगबगीने स्वयंपाकघरात आली. तिचं माहेर मालवणचं. "बांगडे आणलेस?" तिने मोठ्या आशेने विचारलं. या नूडल्स ज्या पाण्यात मुरत असतात त्याला मासळीसारखाच वास येतो. या नूडल्ससाठी जपानमध्ये कोंजाक नावाच्या कंदाचं पीठ पाण्यात फुगवतात आणि त्यात चुना घालतात. मग तो लगदा असा घट्ट होतो, की पुन्हा कितीही उकळा, विरघळत नाही. आग्र्याच्या पेठ्यासाठी कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या पाण्यात बुडवतात, त्याच विद्येची ही जपानी शाखा. हा कंद तिकडे मुख्यतः गुन्मा प्रांतात पिकतो आणि त्याला ते लोक पोटाचा झाडू मानतात.

"कंद? कसला कंद?" आईने विचारलं.

"सुरणाचा चुलतभाऊ."

"मग चिंच घातलीस का? आमसूल तरी? घसा खाजेल."

"अगं, जपान्यांनी ते आधीच निस्तरलंय."

"जपान्यांचं मला नको सांगूस. सुरण कुणाचा झालाय?"

जपान्यांनी या कंदाकडून काय काय करून घेतलंय हे तिला सांगितलंच नाही. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सुमारे 10 मीटर व्यासाचे कागदी फुगे बनवले, त्यांना बॉम्ब टांगले आणि नोव्हेंबर 1944 ते एप्रिल 1945 या काळात असे नऊ हजारांवर फुगे वाऱ्यावर अमेरिकेकडे सोडले. कागदाचे थर चिकटवायला कोंजाकची खळ वापरली होती, कारण ती हायड्रोजन बाहेर पडू देत नाही. कामाला शाळकरी मुली होत्या आणि त्या इतक्या उपाशी, की खळच चोरून खायच्या. हे वाचलं त्या रात्री पोटात वायू धरल्यावर मी जरा वेगळ्या आदराने कूस बदलली.

करायची कृती अशी: नळाखाली खळखळून धुवायच्या, उकळायच्या आणि मग तेल न घालता कोरड्या कढईत परतायच्या. पाणी आटत आलं की त्या कुंईकुंई करायला लागतात. अन्न परतताना इतकी तक्रार करतं हे मी प्रथमच ऐकलं. बायकोने टोमॅटो, लसूण, तुळशीची चार पानं घालून त्या वाढल्या. चव? टोमॅटोची टोमॅटोला, लसणाची लसणाला. नूडल्स आपल्या तटस्थ, परराष्ट्र खात्याच्या निवेदनासारख्या. पोट मात्र भरतं, हे खरं. तो तंतू पाणी धरून फुगतो, त्यामुळे भूक काही काळ गप्प बसते. 'ग्लुकोमॅननने वजन उतरतं' असं छापायला युरोपियन युनियननेही 2012मध्ये परवानगी दिली. रोज 3 ग्रॅम, भरपूर पाण्यासोबत आणि कमी कॅलरीच्या आहारातच, या अटींवर. यातली शेवटची अट यमुनेच्या अलीकडे-पलीकडे कुठेच कुणी वाचत नाही.

त्याच वेळी समोरच्या फ्लॅटमधल्या पंजाबी आंटी विरजण मागायला आल्या. त्यांनी ताटात डोकावून पाहिलं आणि हळहळल्या, "हाय, इतनी सूखी? घर में कोई बीमार है क्या?" दोन मिनिटांत त्या पांढऱ्या लोण्याची वाटी घेऊन हजर! लोणी पडताच नूडल्सची कुंईकुंई थांबली. आईनेही पहिल्यांदा घास घेतला. "आता जरा माणसात आल्या," ती म्हणाली.

आंटींच्या डोक्यात मात्र व्यवसाय शिरला. सोसायटीच्या दिवाळी मेळ्यात त्यांनी स्टॉल लावला: 'हेल्दी पास्ता, नो मैदा'. काउंटरवर मला उभं केलं, कारण मराठी माणूस हिशोबाला चोख असतो अशी त्यांची समजूत. कढईत आधी बटर, मग क्रीम, मग किसलेलं चीज आणि त्या सगळ्याला निमित्त म्हणून मूठभर नूडल्स. रांग थेट पार्किंगपर्यंत. ट्रॅकसूट घातलेले एक गृहस्थ पुढे आले. जिमवरून येत असावेत, नाहीतर निघाले तरी असावेत.

"भाईसाहब, इन नूडल्स में कैलोरी कितनी है?"

"सौ ग्राम में दस," मी प्रामाणिकपणे सांगितलं.

"बस दस?" ते आंटींकडे वळले. "तो जी, चीज़ डबल कर दो."