दुर्बिणीची खोळ

दुर्बीण घेणं सोपं असतं. पैसे असले तर रोख, नसले तर हप्त्याने. घोळ सुरू होतो तो तिला घराबाहेर काढायची वेळ आली की. आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण म्हणजे तळाशी आठ इंची आरसा, त्याच्यावर चार फुटी पत्र्याची नळी आणि नळीला बसायला भुशाच्या दाबफळ्यांचं बूड. नळी नऊ-दहा किलो, बूड तिच्याहून वजनदार. एवढी अवजड बाई विकत देताना दुकानदार चंद्रावरची विवरं दाखवतो, शनीचं कडं दाखवतो, आणि ‘कॅरी केस’ हे दोन शब्द ‘वेगळी मिळेल’ या सदरात सगळ्यात बारीक टायपात छापतो.

तुम्ही म्हणाल, ती ज्या खोक्यात आली त्यातच घालून न्यावी. हे तुम्ही म्हणता, कारण आमची आई तुम्हाला माहीत नाही. खोक्यातून दुर्बीण निघून अर्धा तास झाला नसेल, तोवर खोकं माळ्यावर गेलं होतं. आतल्या थर्माकोलला नळीसाठी गोल खाचा होत्या. त्या खाचांमध्ये महालक्ष्म्यांचे दोन्ही मुखवटे असे बेमालूम बसले, की चीनमधल्या कारखान्याने माप आमच्या घरी येऊन घेतलं असावं. आता ते खोकं मागणं म्हणजे देवाच्या जागेवर हक्क सांगणं. शिवाय खरं सांगायचं, तर मराठी घरात सगळ्यात उत्तम पॅकिंग असतं ते या मुखवट्यांचंच. मऊ जुनं लुगडं, त्यावर कागद, त्यावर पुन्हा लुगडं. वर्षातून एकदा निघतात, पण नाकाचा टवका कधी उडत नाही.

साहजिकच आईचा सल्ला तयार होता. ‘‘कामून पैसे घालू राहिला? गोधडीत गुंडाळ अन् सुतळीनं बांध.’’

गोधडीला नावं ठेवायची माझी छाती नाही. पण सुती कापडाचे तंतू सुटतात, ते आरशावर जाऊन बसतात, आणि आरसा काही काचेच्या टेबलासारखा पुसता येत नाही. त्याच्यावरचा ॲल्युमिनियमचा मुलामा इतका पातळ असतो की पुसायचा उत्साह दाखवलात, तर धुळीबरोबर मुलामाही निघायचा. त्यातून गोधडी ओल धरते. शेवटी तडजोड झाली. गोधडी बुडाला, आणि नळीसाठी खोळ. आईने ही तडजोड स्वीकारली, पण बुडाला नवी गोधडी दिली नाही.

मग तयार पिशव्या पाहिल्या. चित्रात त्या फार देखण्या असतात. अडचण एवढीच की त्या घरातून मोटारीच्या डिकीत आणि डिकीतून हिरवळीवर इतकाच प्रवास गृहीत धरतात. जालन्याहून मंठ्याकडच्या खेड्यात जाणाऱ्या माणसाचा मार्ग असा नसतो. त्यात रिक्षा येते, बस येते, फाट्यावर उभं राहणं येतं, आणि शेवटच्या टप्प्याला कोणाचा तरी ट्रॅक्टर येतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दहा मिलिमीटर फोम म्हणजे नुसती शुभेच्छा.

पण एवढ्या लांब जायचं कशाला? गच्चीवरून का नाही? त्याचं असं आहे, की ‘जालना सोने का पालना’ ही म्हण जुनी झाली. आता पाळणा लोखंडाचा आहे. देशभरच्या स्लॅबात आमची सळई आहे याचा मला अभिमान वाटतो, पण रोलिंग मिल, त्यांचा धूर आणि चौकाचौकांतले हायमास्ट मिळून आमच्या गच्चीवरच्या आकाशात चंद्र, गुरू आणि विमानं एवढंच शिल्लक राहतं. आकाशगंगा बघायची तर मंठ्याकडे सरकावं लागतं. आणि आकाशातून येणारं सामान पॅकिंगशिवाय आलं तर काय होतं, हे बघायचं असेल तर मंठ्याच्या आणखी पुढे जावं. बुलढाणा जिल्ह्यात लोणारला बेसॉल्टच्या खडकात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा आहे.

तर, शेवटी सीट कव्हरवाले उस्ताद. रिक्षाची हुडं, जीपची सीटं आणि ट्रॅक्टरच्या गाद्या शिवण्यात त्यांचा हात धरणारा कुंडलिकेच्या दोन्ही काठांना नाही. जुन्या जालन्यातही नाही आणि नव्यातही नाही. मी नळी रिक्षातून उतरवली तेव्हा उस्ताद मशीनवरून उठून उभे राहिले. आदराने नव्हे, काळजीने.

‘‘सर, ये है क्या चीज?’’

‘‘दुर्बीण. याने ग्रह-तारे दिसतात.’’

‘‘हौ. इसकी मुंडी किधर है?’’

हा प्रश्न वाटतो तितका अडाणी नाही. दुर्बिणीचं उघडं तोंड वर आणि आरसा खाली. म्हणजे सगळं वजन शेपटाकडे. तयार पिशव्यांची मूठ बरोब्बर मध्यावर शिवलेली असते, कारण ती दिसायला बरी दिसते. उचललं की आरशाकडचं टोक जमिनीकडे झुकतं आणि पायरी-पायरीला ठोकत येतं. उस्तादांनी नळी गुडघ्यावर आडवी ठेवली, थोडी मागे, थोडी पुढे सरकवली, आणि जिथे ती न कलता राहिली तिथे खडूने रेघ मारली. ‘‘मूठ इधर.’’ गुरुत्वमध्य हा धडा शिकवून मी पगार घेतो. मला त्याला दोन तास लागतात आणि मुलांना तरी कळत नाही.

मग माप. त्यांनी टेप नळीच्या छातीभोवती घेतला, उंची घेतली. बाजूला निघालेल्या नेत्रिकेच्या नळकांड्याला त्यांनी ‘नाक’ म्हटलं, आणि त्या नाकाला स्वतंत्र घर लागेल हे मी सांगायच्या आत ओळखलं. शोधक दुर्बीण काढून वेगळी ठेवा म्हणाले. बाहेर निघालेली वस्तू आधी तुटते, हे त्यांना रिक्षांच्या आरशांनी शिकवलेलं.

फोमवरून मात्र आमचं वाजलं. त्यांच्याकडे सोफ्याचा पिवळा फोम. तो पाणी पितो आणि चार-पाच उन्हाळ्यांत त्याचा भुगा होतो. आमच्याकडचा उन्हाळा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचा, त्यामुळे भुगा वेळेआधीच व्हायचा. मला हवा होता तो टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येणारा पांढरा, बंद बुडबुड्यांचा ईपीई. त्यात पाणी शिरत नाही आणि दाबला तरी पुन्हा वर येतो. उस्ताद दुखावले. ‘‘ये सीट में डाला तो गिऱ्हाईक मारेगा मेरे को.’’ मी म्हटलं, यावर कोणी बसणार नाही. ते म्हणाले, ‘‘सर, बस में रखेंगे तो बैठेंगे लोगां.’’ हे म्हणणं बिनतोड होतं. म्हणून दोन थर ईपीईचे, आणि आरशाच्या टोकाला तिसरा.

रंग त्यांनीच ठरवला. मला काळा हवा होता, कारण सगळ्या जगाच्या दुर्बिणी काळ्या पिशवीत असतात. ‘‘काला नक्को. धूप में तवा हो जाता.’’ तेव्हा बाहेरून फिकट राखाडी मॅटी. रेक्झिन नाही, ते उन्हात तडकतं. आतून त्यांना मखमल लावायची होती, नवरदेवाच्या गाडीला लावतात तशी, जांभळी. मोठ्या मिनतवारीने छत्रीच्या गुळगुळीत कापडाचं अस्तर लावून घेतलं. त्याचे तंतू सुटत नाहीत. चेन दहा नंबरची. दप्तराला पाच नंबरची असते, ती आमच्याकडच्या फुफाट्यात एका हंगामात दात विचकते. चेनवर झाकण म्हणून पट्टी, आणि उचलायला बाजेच्या नवारीचे पट्टे, थेट बुडाखालून फिरवलेले. मूठ कापडाला शिवली की कापड फाटतं; पट्टा खालून आला की वजन पट्टा उचलतो.

ही सगळी बांधाबांध करताना मला जेऊरची फार आठवण येते. सोलापूर जिल्ह्यातलं जेऊर. २२ जानेवारी १८९८ ला तिथून खग्रास सूर्यग्रहण दिसणार होतं, म्हणून कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल साहेब सामानसुमान घेऊन आगबोटीने आले. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी नायगमवालाही आपली यंत्रं घेऊन तिथेच आले. (त्याच ग्रहणाला इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ लॉकयर साहेब विजयदुर्गावर होते. त्यांनी हेलियम तिथे १८६८ साली शोधला असं जे सांगतात, ते खरं नाही. १८६८ ला ते इंग्लंडातच होते. पण हे विजयदुर्गात मोठ्याने बोलू नये.) कॅम्पबेल यांच्याकडे ४० फुटी कॅमेरा होता, आणि त्याची नळी जागेवर उभारायची, सांगाड्यावर कापड ताणून. म्हणजे दुर्बिणीचीच पिशवी! हा इलाज मला आधी सुचता तर उस्तादांचे पैसे वाचले असते. एवढा खटाटोप करून खग्रास अवस्था मिळाली दोनेक मिनिटांची. त्या मानाने मंठ्याचा हिशेब पुष्कळ बरा पडतो.

आणि ज्यांच्या नावाची ही दुर्बीण, ते जॉन डॉब्सन तर चक्क रामकृष्ण संघाचे साधू होते, कॅलिफोर्नियातल्या वेदान्त मठात. मठात चोरून दुर्बिणी बनवायचे. पत्रात कोणाला कळू नये म्हणून दुर्बिणीला ‘जिरेनियम’ म्हणायचे, त्या फुलझाडाच्या नावाने. आरशाला मुलामा चढला की ‘जिरेनियम फुललं’. शेवटी १९६७ साली त्यांना मठ सोडावा लागला, आणि त्यांनी दुर्बीण फुटपाथवर मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवायला सुरुवात केली. नवी दुर्बीण घरात आणणाऱ्या प्रत्येक गृहस्थाने असा एक सांकेतिक शब्द आधीच ठरवून ठेवावा. आमच्या घरी तो ‘शाळेचं सामान’ असा आहे. किंमत विचारली जात नाही.

खोळ तयार झाल्यावर एक नवाच प्रश्न निघाला. नुसती नळी दिसायची तेव्हा लोक ‘हे काय?’ विचारून थांबायचे. खोळीत गेल्यावर त्यांनी विचारणं बंद केलं आणि ठरवायला सुरुवात केली. बसमध्ये एका आजोबांनी जागा देऊन विचारलं, ‘‘सप्ता कोणत्या गावी हाय, महाराज?’’ मी वीणा नाही म्हटलं, तर ते म्हणाले, मग पेटी असंल. पलीकडच्या शेतकऱ्याने तो फवारणीचा नवा पंप ठरवला आणि एकराला किती टाक्या लागतात ते विचारलं. मी खरं काय ते सांगितलं. शनी बघायला चाललोय म्हटलं. तो गंभीर झाला.

‘‘शनी बघून काय करता सर? त्यानं आपल्याला बघितलं तेवढं बास.’’

परतीच्या वाटेवर एकदा रात्री नाकाबंदी लागली. चार फूट लांब, जाड, पट्टे लावलेली राखाडी वस्तू मागच्या सीटवर आडवी. ‘उघडा’ म्हणाले. दहा नंबरची चेन रात्रीच्या शांततेत केवढा आवाज करते, हे मला तेव्हा कळलं. हवालदारांनी बॅटरी आत मारली, आरशात स्वतःचा चेहरा पाहिला, मिशी ठीक केली आणि विचारलं, ‘‘याला लायसन लागतं का?’’

आता तुम्हाला वाटेल, की इतकी चांगली खोळ असल्यावर दुर्बीण जशी घातली तशी निघते. पोचा पडत नाही हे खरं. पण फोम हादरा खातो, थरथर खात नाही. खड्ड्याखड्ड्याने स्क्रू किंचित ढिले होतात, दोन आरशांचं जमलेलं एकमेकांशी बिनसतं आणि तारा शेपूट फुटल्यासारखा दिसतो. मग मुक्कामी पोचल्यावर पुन्हा कोलिमेशन, म्हणजे आरशांची समजूत घालून त्यांना एका रेषेत आणणं. त्यासाठीची ॲलन की खोळीच्या बाहेरच्या खिशात, सुतळीने बांधून. सुटी ठेवली तर ती अस्तराच्या कोणत्या कोपऱ्यात जाते हे अंधारात बोटांनाच विचारावं लागतं. नेत्रिका खोळीत ठेवायच्याच नाहीत. काच आरशाच्या शेजारी प्रवासाला नको. त्यांना स्टीलचा डबा, आत फोमचे गोल कापून. फक्त त्या डब्यावर ‘जेवण नाही’ असं लिहा.

२०२५ च्या हिवाळ्यात मंठा तालुक्यातल्या एका शाळेच्या अंगणात मुलांना शनी दाखवला. शनीचं कडं साधारण पंधरा वर्षांनी आपल्याकडे धारेवर येतं, २००९ नंतर ते २०२५ च्या मार्चमध्ये आलं होतं. त्यामुळे हिवाळ्यातही त्याची बारीक रेघच दिसत होती. पुस्तकातलं चित्र पाठ असलेली एक चौथीतली मुलगी नेत्रिकेला डोळा लावून बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, ‘‘सर, कडं पिशवीतच राहिलं का बघा बरं.’’ दोन मुलं खरंच बघून आली.

मध्यरात्रीपर्यंत नळीवर दव साचलं. अशी ओली दुर्बीण खोळीत घालून चेन लावली, की आरशावर बुरशीची शेती सुरू होते. म्हणून ती व्हरांड्यात टोपण लावून आडवी ठेवली, आणि खोळ उघडीच पसरली. सकाळी खोळीत मांजर होतं. ईपीई की सोफ्याचा फोम, या वादात त्याचं मत माझ्या बाजूने पडलं. उस्तादांना सांगितलं, तर म्हणाले, मखमल असती तर उठलंच नसतं.

२ ऑगस्ट २०२७ ला दुपारनंतर आपल्याकडून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे, पावसाळी ढगांनी वाट दिली तर. दुर्बिणीने सूर्य बघायचा तर नळीच्या पुढच्या तोंडाला सौर फिल्टर बसवावाच लागतो. त्याशिवाय क्षणभरही डोळा लावायचा नाही. फिल्टर नाजूक असतो, त्यामुळे त्याला खोळीत वेगळा, चपटा कप्पा हवा. खोळ शिवायला टाकणार असाल तर हे आधीच सांगा. उसवून नवा कप्पा लावायचे उस्ताद दुप्पट घेतात, आणि लग्नसराईत तर ऐकूनही घेत नाहीत.